घरफोडीला अटकाव : बेताच्या खर्चात घराची राखण

दसरा सरला की परभणी जिल्ह्यात, विशेषतः गंगाखेड, पालम व सोनपेठ या तालुक्यांत, ऊसतोडीस निघणाऱ्या कुटुंबांची लगबग सुरू होते. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या हंगामाचे काही महिने वाड्या-तांड्यांवरील अनेक घरांना कुलूप असते. काही घरांत वृद्ध माणसे आणि शाळेत जाणारी मुले एवढीच उरतात. ज्यांनी गाव सोडलेले नसते त्यांच्याकडे याच सुमारास कापसाचे, सोयाबीनचे पैसे आलेले असतात. पुढे उन्हाळ्यात लग्नसराई येते, दागिने पेटीबाहेर निघतात आणि उकाड्यामुळे घरची माणसे गच्चीवर अथवा अंगणात झोपतात. शेतकऱ्याच्या सुगीप्रमाणे चोरट्याचीही सुगी अशी ठरलेली आहे.

अल्पभूधारकाच्या किंवा मजुराच्या घरातून दोन-तीन तोळे सोने गेले, तर ती बहुधा त्या घराची सारी शिल्लक असते. त्याचा विमा उतरविलेला नसतो. मुलीचे लग्न, बियाणे-खते, आजारपण या सर्वांची तरतूद त्या एका गाठोड्यात बांधलेली असते. म्हणूनच घराच्या संरक्षणाचा विचार केवळ बंगलेवाल्यांसाठी नाही. तो थोडक्या पैशांत कसा साधेल, हा खरा प्रश्न आहे.

‘घरफोडी’ हा शब्द पूर्वी अक्षरशः खरा होता. मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंतींची असत. खिडक्या जवळजवळ नसत. उजेड माळवदाच्या झरोक्यातून येई. दाराला आतून अडसर असे आणि तो भिंतीत खोलवर जाई. अशा घरात शिरण्यासाठी चोराला भिंत पोखरावी लागे आणि त्या कामात रात्रीचा मोठा भाग जाई. आता विटा-सिमेंटची घरे आली. भिंत पक्की झाली, परंतु दार हलके झाले आणि खिडक्या वाढल्या. चोराने भिंतीचा नाद सोडून दार धरले, यात नवल नाही.

कुलूपबंद घराच्या बाबतीत सर्वसामान्य गृहस्थाची चूक येथेच होते. तो बाजारातून जड, महागडे कुलूप आणतो. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून भरवशाची कुलपे आपल्याकडे तयार होत आहेत. कुलूप वाईट असते असे नाही. पण ते ज्या कोयंड्यात अडकवायचे तो पातळ पत्र्याचा असतो, आणि चौकटीत अर्ध्या-पाऊण इंचाच्या चार स्क्रूंनी बसविलेला असतो. चोर कुलपाला हात लावीत नाही. तो कोयंड्याखाली कटावणी घालतो आणि एका हिसक्यात स्क्रूंसह कोयंडा उपटतो. कुलूप तसेच बंद, कोयंड्यासह खाली पडलेले सापडते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. कडी-कोयंडा जाड लोखंडाचा घ्यावा. तो स्क्रूंनी न बसविता दाराच्या फळीतून व चौकटीतून आरपार जाणाऱ्या गोल डोक्याच्या बोल्टांनी बसवावा. बोल्टचे डोके बाहेर आणि नट आतल्या अंगाला, वायसर घालून आवळलेला असावा. बाहेरून पान्याला पकडावयास काही राहत नाही. गावच्या सुताराचे किंवा वेल्डिंगवाल्याचे हे तासाभराचे काम आहे, आणि सामानाचा खर्च नव्या भारी कुलपापेक्षा कमी येतो. बिजागऱ्या दाराच्या बाहेरच्या अंगाला असतील तर त्यांच्या खिळ्या काढून दार उचकटता येते. म्हणून त्यांची टोके ठोकून बोथट करावीत. चौकट भिंतीत हलत असेल, तर मात्र या साऱ्याचा उपयोग नाही. तिच्या पकडी भिंतीत सिमेंटने पुन्हा बसवून घ्याव्यात.

रात्री घरात माणसे असताना जुना अडसर आजही सर्वांत चांगला. दोन्ही बाजूंच्या भिंतींत पक्क्या बसविलेल्या लोखंडी आकड्यांत आडवी टाकलेली सागाची फळी किंवा पाइप दार ढकलू देत नाही. मात्र तो म्हाताऱ्या माणसाला व मुलालाही अंधारात चटकन काढता आला पाहिजे. आग लागली किंवा विंचू-साप निघाला तर तेच दार वाचविणारे असते. आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवण्याची पद्धत यासाठी धोक्याची आहे.

पत्र्याच्या घरांत वरून पत्रा उचकटण्याची भीती असते. तेथे नुसत्या खिळ्यांऐवजी आकड्यांचे बोल्ट वापरून नट आतून आवळावेत. खिडकीचे गज चौकटीत नुसते खोचलेले असतात, त्यांना मध्ये एक आडवी पट्टी जोडून घेतली की ते वाकविणे कठीण होते. दाराजवळ कुऱ्हाड, पहार, शिडी उघड्यावर ठेवण्याची सवय तर ताबडतोब मोडावी. चोराला हत्यार गृहस्थानेच पुरवावे, असे अनेकदा घडते.

इतके केले तरी दाराबाहेरचे कुलूप घरात कोणी नाही हे सांगतच राहते. अंगणात साचलेला पालापाचोळा आणि कित्येक दिवस न पेटलेला दिवा हेही तेच सांगतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी शेजाऱ्याला अंगण झाडण्यास, अधूनमधून ओटीवर बसण्यास सांगावे. याचा खर्च काही नाही. मौल्यवान वस्तू तर बंद घरात ठेवूच नये. धान्याची कोठी, देव्हारा, गादीखालची जागा आणि कपाटातील साड्यांची घडी ही सर्व ठिकाणे चोरट्यांना ठाऊक आहेत. तालुक्याच्या बँकेत लॉकर मिळत असेल तर दोन-तीन घरांनी मिळून नव्हे, प्रत्येकाने स्वतःच्या नावे घ्यावा. बँकेच्या निष्काळजीपणामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीमुळे लॉकरमधील ऐवज गेल्यास वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत बँकेची जबाबदारी राहील, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पिकाची रोकड खात्यावर ठेवण्यास अनेकजण बँक बुडण्याच्या भीतीने कचरतात. विमा संरक्षण असलेल्या बँकांतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, हे ग्रामसभेत सांगण्यासारखे आहे.

गावाची राखण ही पूर्वी एकट्या घराची बाब नव्हती. जागल्या रात्री फेरी घाली, आणि चोरी झाल्यास पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग दुसऱ्या गावात शिरला की जबाबदारी त्या गावावर जाई. ती वतनदारी गेली, ते योग्यच झाले. जन्माने लादलेली राखण कोणाच्या वाट्याला येऊ नये. आज महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमलेला पोलीस पाटील गावात असतो, पोलीस अधिनियमात ग्रामसुरक्षा दलाची तरतूद आहे, आणि ग्रामपंचायतीच्या कामांच्या सूचीत गावाचा व पिकांचा पहारा तसेच दिवाबत्ती यांचा समावेश आहे. गल्लीच्या टोकाचा बंद पडलेला दिवा वेळेवर बदलणे हे पंचायतीचे सर्वांत स्वस्त सुरक्षाकार्य होय. चोरटे कधी कधी शेजारच्या घरांना बाहेरून कड्या घालून मगच काम सुरू करतात. अशा वेळी शेजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक हाताशी असणे आणि ११२ हा क्रमांक घरातील मुलालाही पाठ असणे आवश्यक ठरते.

गस्तीचा दुसरा पैलू पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. दिनांक १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार केले. ते भिक्षुकीसाठी आलेले होते. पारधी आणि इतर काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला असला, तरी चोरी झाली की प्रथम पालावर जाण्याची वृत्ती गेलेली नाही. गस्तीवरील तरुणांचे काम पाहणे, हाक देणे आणि पोलिसांना कळविणे एवढेच आहे. संशयितास मारहाण करण्याचा अधिकार ग्रामसुरक्षा दलास नाही.

चोरी झालीच तर घर आवरण्याची घाई करू नये. उचकटलेली कडी, पायांचे ठसे, विखुरलेली भांडी तशीच राहू द्यावीत. श्वानपथकाचा आणि ठसे घेणाऱ्यांचा सारा भरवसा त्यावरच असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातील चोरी कलम ३०५ खाली आणि घरफोडी कलम ३३१ खाली येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडला याचा विचार न करता माहिती देता येते, आणि नोंदीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. साताऱ्याकडे फडावर असलेल्या माणसाला घर फोडल्याचा निरोप मिळाला, तर त्याने त्याच मुलखातील ठाण्यात जाण्यास हरकत नाही. फिर्यादीत ‘सोन्याचे दागिने’ एवढेच न लिहिता प्रत्येक नगाचे वजन, घडण, ओळखीची खूण द्यावी; सराफाची पावती आणि लग्नसमारंभातील छायाचित्रे जोडावीत. दागिना हस्तगत झाल्यावर न्यायालयाकडून तो परत मिळविताना आपला कोणता हे सिद्ध करावे लागते, आणि वितळविलेल्या सोन्याबाबत तर वजनाखेरीज दाखविण्यास फारसे काही उरत नाही. पावत्यांची एक प्रत म्हणूनच घराबाहेर, नातेवाइकाकडे ठेवावी.