आनंदीबाई : एक नांव, अनेक व्यक्ति

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडणाऱ्या प्रत्येकास एक मोह हटकून पडतो. कागदावर एखाद्या बाईचें नांव दिसावें, तें नांव इतिहासांत प्रसिद्ध असावें, आणि हा कागद त्याच प्रसिद्ध बाईचा असें मनानें तत्काळ ठरवून टाकावें. संग्राहक त्या भरांत वेष्टनावर टीप लिहितो. यादी करणारा ती टीप जशीच्या तशी उतरून घेतो. आणि पुढें कोणी लेखक त्या यादीवर विसंबून चरित्रांत एक नवी हकीकत दाखल करतो. पुरुषांच्या बाबतींत हा घोटाळा त्या मानानें कमी होतो. कारण नांवाबरोबर बापाचें नांव, आडनांव, हुद्दा किंवा शिक्का यांपैकीं कांहीं तरी सांपडतें. स्त्रियांच्या बाबतींत पुष्कळदां नुसतें नांव व त्यापुढें ‘बाई’ एवढेंच हातीं लागतें. ही अडचण किती खोल आहे व तींतून वाट कशी काढावी, हें दाखविण्यासाठीं आम्ही येथें ‘आनंदीबाई’ हें एकच नांव विचारासाठीं घेतलें आहे.

नांवाच्या व्युत्पत्तीविषयीं फारसा वाद नाहीं. ‘आनंद’ या संस्कृत शब्दापासून तें आलें असून मराठींत ‘आनंदी’ हें विशेषण म्हणूनही नित्य चालतें. मोडींत वेलांटीचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नसल्यामुळें लेखनावरून कांहीं ठरविण्याजोगें नसतें. महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आपल्याकडे, विशेषतः ब्राह्मण कुटुंबांत, विवाहप्रसंगीं वधूस नवें नांव ठेवण्याची चाल होती. तबकांत तांदूळ पसरून त्यांत अंगठीनें तें नांव लिहीत, आणि त्या घटकेपासून माहेरचें नांव सासरच्या दारांत विरून जाई. म्हणजे ज्या नांवानें एखादी स्त्री इतिहासास ठाऊक आहे, तें बहुधा तिचें जन्मनांव नसतेंच. तें सासरच्या घराण्यानें दिलेलें असतें. एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दोन मुलींचीं नांवें यमुना होतीं. पहिली कुर्लेकरांची, इ. स. १८६२ सालीं जन्मलेली. तीच पुढें रमाबाई रानडे. दुसरी कल्याणच्या जोश्यांची, इ. स. १८६५ सालीं जन्मलेली. तीच पुढें डॉ. आनंदीबाई जोशी. माहेरच्या कागदांत ‘आनंदी’ शोधीत बसणारास ही दुसरी बाई कधींच भेटणार नाहीं.

आतां व्यक्तींकडे वळूं. या नांवाची सर्वांत प्रसिद्ध स्त्री म्हणजे रघुनाथराव पेशव्याची पत्नी. ही गुहागराजवळील मळण गांवच्या ओकांची कन्या. रघुनाथरावाची पहिली पत्नी जानकीबाई वारल्यानंतर हिचा त्याच्याशीं विवाह झाला. धारच्या किल्ल्यांत इ. स. १७७५ च्या जानेवारींत हिच्या पोटीं दुसरा बाजीराव जन्मास आला. सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव कोपरगांवीं येऊन राहिला व तेथेंच इ. स. १७८३ च्या डिसेंबरांत वारला. त्यानंतर इ. स. १७८४ सालीं चिमणाजीआप्पाचा जन्म झाला. आनंदीबाईचा शेवटचा काळ पुणें दरबारच्या नजरकैदेंत गेला, आणि नाशकाजवळील आनंदवल्ली येथें इ. स. १७९४ च्या मार्चांत तिचा अंत झाला. आनंदवल्ली हें नांवही तिच्याच नांवावरून पडलें, असें सांगतात.

परंतु त्याच काळांत याच नांवाची दुसरी एक थोर स्त्री साताऱ्यास होती, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. ही धाकट्या शाहू छत्रपतींची राणी आनंदीबाई ऊर्फ माईसाहेब. वावीच्या भोसल्यांच्या घराण्यांतील विठोजी यास इ. स. १७७७ सालीं दत्तक घेऊन शाहू हें नांव दिलें. म्हणजे दत्तविधानानें पुरुषाचेंही नांव बदले, हें जातां जातां नमूद करण्यासारखें आहे. त्यांच्या या राणीच्या पोटीं इ. स. १७९३ सालीं प्रतापसिंह जन्मले. धाकटे शाहू इ. स. १८०८ च्या मे महिन्यांत निवर्तले. पुढें दुसऱ्या बाजीरावानें पळापळींत छत्रपतींच्या कुटुंबास आपल्याबरोबर फिरविलें, आणि इ. स. १८१८ च्या फेब्रुवारींत अष्टीच्या लढाईंत प्रतापसिंह, त्यांचे बंधु व मातुश्री हीं इंग्रजांच्या हातीं आलीं. यांतील विचित्र योग असा कीं, पळणारा पेशवा एका आनंदीबाईचा पुत्र होता, आणि ज्यांना तो बरोबर ओढीत नेत होता त्यांत दुसरी आनंदीबाई होती. त्या धामधुमीच्या कागदांत ‘आनंदीबाई’ किंवा नुसतें ‘मातुश्री’ असें दिसतांच वाचकाची गफलत होण्यास किती अवकाश आहे, हें निराळें सांगावयास नको.

या दोघींचे कागद वेगळे कसे करावे? जुन्या पत्रांवर मिति किंवा चंद्र बहुधा असतो, साल पुष्कळदां नसतें. तेव्हां नुसत्या तारखेवर काम भागत नाहीं. अशा वेळीं मायन्याकडे पाहावें, असें आमचें सांगणें आहे. बाईस आलेल्या पत्रांत किंवा तिच्या उल्लेखांत पति हयात असतां ‘सौभाग्यवती’, ‘सौभाग्यादिसंपन्न’, ‘वज्रचुडेमंडित’ अशीं विशेषणें येतात. पति निवर्तल्यावर त्यांच्या जागीं ‘गंगाभागीरथी’ हें पद येतें. आतां वर दिलेलीं सालें लावून पाहूं. इ. स. १७८४ पासून १७९४ पर्यंतच्या दहा वर्षांत पेशव्यांची आनंदीबाई विधवा होती. साताऱ्याच्या राणीचें सौभाग्य मात्र इ. स. १८०८ पर्यंत अबाधित होतें. म्हणून इतर पुराव्यानें इ. स. १७९० च्या सुमाराचा ठरणारा एखादा कागद जर ‘सौभाग्यवती आनंदीबाई’ म्हणत असेल, तर तो रघुनाथरावाच्या पत्नीविषयीं नव्हे. उलट त्याच सुमाराच्या कागदांत ‘गंगाभागीरथी’ असेल, तर तो साताऱ्याच्या राणीविषयीं नव्हे. इ. स. १७९४ नंतर हयात म्हणून उल्लेखिलेली आनंदीबाई पेशव्यांच्या घरची असूं शकत नाहीं, हें तर उघडच आहे. मायन्याला स्थळाची जोड द्यावी. धार, कोपरगांव, आनंदवल्ली हीं एकीचीं ठिकाणें, व सातारा हें दुसरीचें. अर्थात् नक्कल करणारा कारकून मायना गाळतो किंवा आखडतो, त्यामुळें नकलेवरून अनुमान करतांना सावधगिरी हवी; परंतु अस्सल पत्रांत ही खूण फार उपयोगी पडते.

एकोणिसाव्या शतकांत हीच खूण एकदां फसते, आणि ती कशानें फसते हेंच इतिहासाच्या दृष्टीनें मोठें आहे. देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई ही बालपणींच नातूंच्या घरीं दिली गेली व विवाहानंतर थोड्याच महिन्यांत विधवा झाली. पुढें तिच्या भावानें तिला मुंबईस आणलें. पंडिता रमाबाईंनीं इ. स. १८८९ सालीं काढलेल्या शारदासदनांतील सुरुवातीच्या विद्यार्थिनींत ती होती. ता. ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यास तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, व त्या वेळीं तिचें नांव आनंदीबाई ठेवण्यांत आलें. घरांत व बाहेर त्या ‘बाया’ या नांवानेंच ओळखल्या जात. म्हणजे एकाच व्यक्तीचीं जोशी, नातू व कर्वे अशीं तीन आडनांवें. गोदूबाई व आनंदीबाई अशीं दोन नांवें. आणि त्यांवर ‘बाया’ हें तिसरें बोलावण्याचें. शिवाय जें पद एकदां लागलें म्हणजे सुटत नसे, तें ‘गं. भा.’ सुटून त्या जागीं ‘सौ.’ आलें, आणि इ. स. १९५० सालीं त्या वारल्या तोंपर्यंत तें कायम राहिलें. कारण कर्वे त्यांच्या मागें इ. स. १९६२ पर्यंत हयात होते. अमुक कागद ‘गं. भा.’ म्हणतो म्हणून तो ‘सौ.’ म्हणणाऱ्या कागदाच्या नंतरचा, हा जुन्या दप्तरांतील नियम येथें उलटा पडतो. दोन अक्षरांच्या या उलटापालटीसाठीं त्या दांपत्यास मुरुडास बहिष्कार सोसावा लागला, हें लक्षांत घेतलें म्हणजे मायना हा केवळ शिष्टाचाराचा भाग नव्हे, हें कळून येईल. बायांनीं ‘माझे पुराण’ हें आत्मचरित्र मागें ठेविल्यामुळें त्यांच्या बाबतींत माहेर-सासरचे सर्व दुवे जुळतात. इतर असंख्य स्त्रियांच्या बाबतींत ते तुटलेलेच राहिले आहेत.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या कागदांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांचें माहेरचें आडनांवही जोशी व सासरचेंही जोशीच, त्यामुळें आडनांवावरून कागद विवाहापूर्वींचा कीं नंतरचा हें ठरत नाहीं. त्यांत बाया कर्वे यांचें माहेरही जोश्यांचें, आणि दोघींचें जन्मसाल इ. स. १८६५ हेंच. गोपाळराव जोशी यांच्या या पत्नी इ. स. १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून जहाजानें निघाल्या, फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांतून ता. ११ मार्च १८८६ रोजीं पदवी घेतली, व ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें वारल्या. त्या वेळीं त्यांस बावीस वर्षें पुरीं झालीं नव्हतीं. त्यांची रक्षा अमेरिकेंत कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत, पोकिप्सी येथें, ठेविलेली आहे. रोमन लिपींत त्या आपलें आडनांव शेवटीं दोन ‘ई’ घालून लिहीत. आणि कॅरोलिन डॉल या अमेरिकन बाईनें इ. स. १८८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या चरित्राच्या मथळ्यावर तर ‘आनंदाबाई’ असें छापलें आहे. हल्लींच्या वर्णांतरानें अमेरिकेंतील सूची पाहणाऱ्याच्या हातीं त्यामुळें कांहींच लागूं नये, असा संभव आहे. त्यांच्या विद्यालयाचे कागद सांप्रत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. तेथें शोध करणाऱ्यांनीं हीं दोन्हीं रूपें जवळ बाळगावीं.

विसाव्या शतकांत कथालेखिका आनंदीबाई शिर्के (१८९२–१९८६) यांनीं हें नांव मराठी वाङ्मयांत आणलें. त्यांचें ‘सांजवात’ हें आत्मचरित्र इ. स. १९७२ चें. येथें छापील मुखपृष्ठ असल्यामुळें संशोधकाचें काम हलकें होतें, म्हणून त्यांविषयीं विस्तार करीत नाहीं.

आतां शेवटचा व सर्वांत नाजूक मुद्दा. ‘आनंदीबाई’ म्हणतांच सामान्य माणसास ‘ध’ चा ‘मा’ आठवतो. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्याचा गारद्यांनीं खून केला. रघुनाथरावानें ‘धरावें’ असा हुकूम लिहून दिला असतां आनंदीबाईनें अक्षर फिरवून ‘मारावें’ केलें, अशी कथा आहे. ग्रँट डफनें इ. स. १८२६ सालीं छापलेल्या इतिहासांत ती दिल्यामुळें तिचा सर्वत्र प्रसार झाला. हा ग्रंथकार साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि होता. म्हणजे ज्या गांवीं एका आनंदीबाईचा राजमाता म्हणून मान होता, तेथेंच बसून त्यानें दुसरीच्या दोषाची हकीकत जमविली. रामशास्त्री प्रभुणे यांनीं दोष ठेविला तो रघुनाथरावाच्या माथीं. मूळ कागद पुढें करून आनंदीबाईवरील आरोप आजवर कोणीही सिद्ध केलेला नाहीं.

हस्तलिखितें हाताळणाऱ्यांनीं तरी या कथेकडे कागदाच्या नजरेनें पाहावयास हवें. मोडींत आधीं आडवी रेघ ओढून तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत जातात. शब्दांत जागा सोडीत नाहींत. ‘ध’ चा नुसता ‘म’ करून भागत नाहीं. पुढें काना घालावयास दोन अक्षरांमध्यें जागा पाहिजे. अशी खाडाखोड झाली असेल तर शाई, लेखणीचा दाब व अक्षरांतील अंतर यांवरून ती बहुधा ओळखूं येते. पण त्यासाठीं कागद समोर असावा लागतो. जो कागद पाहिलेला नाहीं, त्यावरील खाडाखोड कोणाच्या हातची हें सांगणें म्हणजे संशोधन नव्हे. आम्ही आनंदीबाईस निर्दोष ठरवीत आहों असें मात्र कोणी समजूं नये. दोष किंवा निर्दोषता ठरविण्यास लागणारा अस्सल पुरावा येथें नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि लोकांनीं त्या बाईस कितीही नांवें ठेविलीं असलीं, तरी तिचें नांव टाकलें नाहीं, हेंही नजरेआड करतां येत नाहीं. खुनानंतर शंभर वर्षें होतात न होतात तोंच जोश्यांच्या घरांत आलेल्या नऊ वर्षांच्या वधूस तेंच नांव ठेविलें गेलें, आणि पुढें कर्व्यांच्या घरांत एका नव्या संसाराच्या आरंभीं तेंच पुन्हा निवडलें गेलें.

यावरून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, स्त्रियांच्या कागदांवर टीप लिहितांना नुसतें नांव लिहून थांबूं नये. माहेरचें घराणें व जन्मनांव, सासरचें घराणें व पतीचें नांव, मायन्यांतील पद, पत्राचें स्थळ, आणि अस्सल कीं नक्कल, हीं पांच कलमें ठाऊक असतील तेवढीं भरावीं. जें ठाऊक नसेल तेथें जागा मोकळी सोडावी. प्रसिद्ध नांव पाहून ती भरूं नये. मोकळी जागा पुढें कोणी तरी भरून काढील. चुकीनें भरलेली जागा पुसून टाकणें फार कठीण जातें. एका बाईचें पत्र दुसरीच्या खात्यावर पडलें तर एकीचें चरित्र बुडतें व दुसरीचें बिघडतें. ज्यांना हयातींत स्वतःचें जन्मनांव राखतां आलें नाहीं, त्यांचे कागद तरी त्यांच्याच नांवें राहावे, एवढी जबाबदारी आपणां सर्वांवर आहे.