शार्ल क्रेसाँचं सोनेरी कांस्य

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शार्ल क्रेसाँनं घडवलेलं खणांचं एक बुटकं कपाट आहे. दर्शनी बाजूवर दोन मुलं एका माकडाला झोका देताहेत. मुलं, माकड, दोर, सगळं सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्याचं. नजर आधी या खेळावर जाते. हे कपाट आहे, त्याला खण आहेत, हे नंतर ध्यानात येतं.

क्रेसाँचा जन्म 1685 मध्ये आमियाँ इथला. वडील शिल्पकार, तोही शिल्पकारच. राजप्रतिनिधी ऑर्लेआँच्या ड्यूकचं फर्निचर करणारा जोझेफ प्वातू वारला. त्याच्या विधवेशी क्रेसाँनं 1719 मध्ये लग्न केलं आणि चालता कारखाना त्याच्या हाती आला.

त्या काळी पॅरिसमध्ये कामाच्या हद्दी पक्क्या होत्या. फर्निचरवाल्यानं लाकडालाच हात लावायचा. ओतकाम ओताऱ्यांच्या संघाचं, मुलामा मुलामेवाल्यांच्या संघाचं. क्रेसाँ मात्र कांस्य स्वतःच्या देखरेखीखाली, स्वतःच्याच कारखान्यात ओतवून घेई. संघांनी त्याच्यावर पुन्हापुन्हा खटले भरले. नियम त्यांच्या बाजूनं होता, तरी माझा कौल क्रेसाँलाच. ज्याच्या बोटांनी चेहरा घडवला, त्याच्या नजरेखालीच तो ओतला जायला हवा. त्याच्या टेबलांच्या कोपऱ्यांवरची हसरी स्त्रीमुखं पाहिली की हे पटतं.

या सोन्याची किंमत मात्र कारागिरांनी मोजली. सोनं पाऱ्यात कालवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो स्वच्छ केलेल्या कांस्यावर ब्रशनं फासायचा आणि निखाऱ्यांवर तापवायचा. पारा उडून जाई, सोनं धातूला धरून राही. मग कुठे अकीकानं घोटून चकाकी आणायची, कुठे मुद्दाम मंद ठेवायचं. गालाची गोलाई आणि केसांची बट उठून दिसते ती या फरकामुळेच. पण पाऱ्याची वाफ मुलामा देणाऱ्याच्या छातीत जाई. हात थरथरू लागत, दात ढिले होत, आयुष्य घटे. या फर्निचरचं कौतुक करताना हे सांगायलाच हवं.

क्रेसाँनं आपल्या कामावर नाममुद्रा उमटवली नाही. त्याच्या वस्तू आज ओळखता येतात, त्या बऱ्याच अंशी त्यानं स्वतःच्या लिलावांसाठी केलेल्या वर्णनांच्या याद्यांवरून. लंडनला जाणं झालं तर वॉलेस कलेक्शनमध्ये त्याचं काम जरूर पाहा. तिथल्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही.