रीलमधलं ओंडक्याचं स्टूल घरी केलं की तडकतं का?

इन्स्टाग्रामवर अशी रील तुम्हीही पाहिली असेल. एक माणूस झाडाचा ओंडका घेतो, चेनसॉने कापतो, साल काढतो, खाली तीन पाय ठोकतो, वरून पॉलिश मारतो. तीस सेकंदांत झकास स्टूल तयार! खाली कमेंट पडतात, "भावा, या रविवारी करतोच."

रविवारी स्टूल होतंही. पण दोन-तीन महिन्यांनी बसायच्या जागेवर बोट जाईल एवढी भेग पडते आणि पाय डुगडुगायला लागतात. मग दोष फेव्हिकॉलला दिला जातो. खरा दोष असतो ओल्या लाकडाचा, आणि तो रीलमध्ये कुणी सांगत नाही.

या फर्निचरला ‘रस्टिक लॉग फर्निचर’ म्हणतात. ते नावारूपाला आलं अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यात अ‍ॅडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ, जंगलाचा भाग आहे. 1870 च्या दशकात विल्यम वेस्ट ड्युरंट याने तिथे ‘कॅम्प पाइन नॉट’ बांधायला घेतला आणि पुढे शहरातल्या श्रीमंतांमध्ये जंगलात असे आलिशान लाकडी कॅम्प बांधायची टूम निघाली. हिवाळ्यात बर्फ पडला की मालक शहरात आणि राखणदार कॅम्पवर. हातात वेळ आणि भोवती जंगल, म्हणून त्या लोकांनी न तासलेल्या फांद्या आणि बुंध्यांपासून खुर्च्या, टेबलं, पलंग केले. पुढे इंडियाना राज्यातल्या मार्टिन्सव्हिल गावात हिकरी नावाच्या झाडाच्या कोवळ्या खोडांपासून अशा खुर्च्यांचा कारखानाच उभा राहिला.

हिवाळ्यात काम करण्याचा एक फायदा त्यांना आयताच मिळाला. थंडीत झाडाची वाढ थांबलेली असते, त्यामुळे तेव्हा तोडलेल्या लाकडाला साल घट्ट चिकटून राहते. वाढीच्या दिवसांत सालीखाली रस असतो, तेव्हा साल सहज सुटते. आपल्याकडे पावसाळ्यात पडलेल्या फांदीची साल ठेवायचा हट्ट म्हणूनच करू नये. ती पुढे सुटतेच, आणि तोवर तिच्याखाली किडे संसार थाटतात.

आता मूळ प्रश्न, भेग का पडते?

ताज्या लाकडात भरपूर पाणी असतं. ते वाळलं की लाकूड आक्रसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. लांबीत ते जवळजवळ आक्रसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडं आक्रसतं आणि वर्तुळाच्या कडेने, म्हणजे घेराच्या दिशेने, साधारण त्याच्या दुप्पट. समजा, ओंडक्याचा व्यास 4 टक्के कमी झाला. मग शाळेतल्या भूमितीप्रमाणे घेरही 4 टक्केच कमी व्हायला हवा. पण लाकडाला तिथे 8 टक्के आक्रसायचं असतं. हा हिशोब जुळत नाही, म्हणून ओंडका सालीकडून गाभ्याच्या दिशेने फाटतो. पाव कापल्यासारखी ती पाचरीच्या आकाराची भेग म्हणजे न जुळलेला हिशोब.

यावरून एक गोष्ट कळते. मधोमध गाभा असलेला अख्खा ओंडका किंवा त्याची गोल चकती तडकणारच. पॉलिशने ते थांबत नाही. ओल्या लाकडावर जाड पॉलिश मारलं तर आत ओल अडकून बुरशी येते, ते वेगळंच. त्यापेक्षा ओंडका गाभ्यातून उभा फाडून अर्धा वापरला की ताण मोकळा होतो आणि तडे कमी जातात. गोल चकतीच हवी असेल तर भेग पडेल हे धरून चालायचं आणि वाळल्यावर त्या भेगेवर आडवी डमरूच्या आकाराची लाकडी पट्टी बसवायची. भेग पुढे सरकत नाही आणि दिसतंही छान.

पाय डुगडुगण्यामागेही हेच आक्रसणं असतं. पायाच्या वरच्या टोकाला गोल कुसू काढून ते बैठकीच्या भोकात बसवतात. पाय ओला असेल तर तो वाळून बारीक होतो आणि जोड सैल पडतो. म्हणून पाय कडकडीत वाळलेला आणि बैठक त्याच्यापेक्षा किंचित ओलसर असावी. मग कुसू थोडी ओल घेऊन फुगतं, बैठक वाळताना भोक आवळतं आणि जोड दिवसेंदिवस घट्ट होतो. अमेरिकेतले जुने खुर्ची करणारे त्यासाठी कुसू गरम वाळूत खुपसून वाळवायचे.

कुसवाच्या डोक्यात करवतीने चीर पाडून वरून पाचर ठोकली तर आणखी उत्तम. फक्त ही पाचर बैठकीच्या रेषांना आडवी बसली पाहिजे. रेषांच्या दिशेने ठोकली तर बैठकच फाटते. आणि पाय तीनच ठेवा. अंगणातल्या उंचसखल जमिनीवर तिपाई डगमगत नाही, चार पायांचं स्टूल डगमगतं.

वाळवण्यासाठी मशीन लागत नाही. लागतो तो धीर, आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. लाकडाच्या कापलेल्या तोंडातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने उडतं, म्हणून कापल्याच्या दिवशीच दोन्ही तोंडांना ऑइल पेंट किंवा मेण लावायचं. मग विटांवर ठेवून सावलीत, वारा खेळेल असं रचायचं. उन्हात ठेवलं तर तडतडतं. एक इंच जाडीच्या फळीला साधारण एक वर्ष, हा जुना ठोकताळा आहे. तो ढोबळच, कारण कोकणातला पावसाळा आणि विदर्भातला उन्हाळा सारखा नसतो. खात्री हवी तर महिन्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं.

लाकूड कोणतं? बाभूळ उत्तम. बैलगाडीची चाकं आणि नांगर ज्याचे झाले ते लाकूड स्टुलाला कमी पडणार नाही. आंबा सहज मिळतो आणि दिसतोही सुंदर, पण त्याला पोखरणारी कीड लवकर लागते. पिठासारखा भुगा पडायला लागला की समजायचं, पाहुणे आलेत. साल काढून बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात लाकूड बुडवून ठेवणं हा स्वस्त उपाय. मात्र तो पावसात धुऊन जातो, त्यामुळे असं फर्निचर घरातच ठेवावं. निलगिरी वाळताना फार फाटते. शेवग्याच्या वाट्याला तर जाऊच नका.

राहिला प्रश्न ओंडका आणायचा कुठून. शहरी भागात 1975 च्या महाराष्ट्र झाडांच्या संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. वादळात रस्त्यावर पडलेलं झाडही फुकटचा माल नसतो, आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे लाकडाची वखार. तिथे जळणाच्या ढिगात वर्षभर पडून वाळलेले बाभळीचे तुकडे असतात. त्यातले मनगटाएवढे जाड तीन निवडले की पायांची सोय झाली.