दगडाच्या पिठाचं सरोवर

स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेन गावाच्या डोक्यावर हार्डर कुल्म हा डोंगर आहे. १९०८पासून तिथे दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे चढते. वर १३२२ मीटर उंचीवर, दरीवर पुढे काढलेल्या सज्ज्यात दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, की डाव्या हाताला ब्रिएंत्सचं सरोवर दिसतं, उजव्या हाताला टूनचं. मधे गाव. आरे नावाची एकच नदी डाव्या सरोवरातून निघते, गावातून वाहते आणि उजव्या सरोवरात शिरते. अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. तरीही भर उन्हाळ्यात दोन्ही सरोवरांचा रंग वेगळा असतो. ब्रिएंत्स दुधाळ फिरोजी, टून गडद निळं. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही बर्फाची शिखरं उभी असतात आणि सगळे कॅमेरे तिकडे वळलेले असतात. मला मात्र त्या शिखरांपेक्षाही हा रंगांमधला फरक जास्त विलक्षण वाटतो, कारण त्या शिखरांचीच गोष्ट तो सांगतो.

हिमनदी म्हणजे सावकाश सरकणारं जातं. तिच्या तळाशी बर्फात गच्च रुतलेले दगडगोटे असतात आणि वरून शेकडो मीटर बर्फाचं ओझं. ती उतारावरून सरकते तेव्हा हे गोटे खालच्या कातळावर घासले जातात, आणि दोन्हींचं पीठ होतं. भूशास्त्रातही त्याला दगडाचं पीठच म्हणतात. यातले सर्वांत बारीक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके असतात. वाळू तळाला बसते, हे कण मात्र आठवडेच्या आठवडे पाण्यात तरंगत राहतात. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी स्वतःच शोषून घेतं. उरलेला निळा-हिरवा प्रकाश या असंख्य कणांवर आपटून पुन्हा वर, आपल्या डोळ्यांकडे येतो. म्हणून ब्रिएंत्स आतून उजळल्यासारखं दिसतं.

मग टून निळं का? कारण ब्रिएंत्स हे टूनसाठी पाणी निवळून देणारं भांडं आहे. वरून येणारी आरे आणि ग्रिंडेलवाल्ड-लाउटरब्रुनेनकडून येणारी ल्युटशिने या दोन्ही नद्या आपला गाळ ब्रिएंत्समध्ये आणून टाकतात. २६० मीटर खोल पाण्यात त्यातला मोठा भाग तळाला जातो आणि पुढे बरंच स्वच्छ पाणी निघतं. ही दोन सरोवरं हिमयुगानंतर एकच होती. बाजूच्या दऱ्यांतून उतरणाऱ्या प्रवाहांनी मधोमध इतका गाळ टाकला, की सपाट जमीन तयार होऊन सरोवराचे दोन तुकडे पडले. इंटरलाकेन त्या गाळावर वसलं आहे.

या सुंदर रंगाची किंमतही आहे. पीठ मिसळलेल्या पाण्यात प्रकाश खोलवर जात नाही, शिवाय पोषकद्रव्यं मुळातच तुटपुंजी. त्यामुळे सूक्ष्म वनस्पती कमी, त्या खाणारे जीव कमी, म्हणून मासेही कमी. ब्रिएंत्सच्या काठावर मासेमारीवर पोट भरणं फार अवघड आहे. माणसानेही यात हात घातला आहे. वर ग्रिमझेल खिंडीजवळ १९३०च्या दशकात वीजनिर्मितीसाठी धरणं झाली. जाड गाळ तिथेच अडतो आणि बारीक पीठ टर्बाइनमधून हिवाळ्यातही खाली येत राहतं. पूर्वी थंडीत हे सरोवर जितकं नितळ व्हायचं तितकं आता होत नाही.

या पिठाची गिरणी प्रत्यक्ष पाहायची असेल तर लाउटरब्रुनेनच्या दरीत जावं. हिमनदीने खरवडून काढलेली ही दरी: तळ सपाट, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. वरून श्टाउबबाख हा धबधबा जवळजवळ ३०० मीटर कोसळतो. १७७९ मध्ये जर्मन कवी गटे इथे आला होता आणि हा धबधबा पाहून त्याने कविता लिहिली. पण मी सांगेन, श्टाउबबाख खालूनच डोळे भरून पाहावा आणि जास्तीचा वेळ ट्रुमेलबाखसाठी राखावा. तो डोंगराच्या पोटात आहे. कातळातून वर जाणाऱ्या लिफ्टने जायचं, मग बोगद्यांतून आणि ओल्या पायऱ्यांवरून एकामागून एक दहा धबधबे पाहत फिरायचं. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊच्या या बाजूच्या हिमनद्यांचं पाणी हा एकटा ओढा वाहून नेतो. उन्हाळ्यात सेकंदाला २०,००० लीटरपर्यंत. वर्षाकाठी सुमारे २०,००० टन दगडमाती तो खाली आणतो. आत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि हाताखालचा कठडा थरथरतो. पाणी करड्या रंगाचं असतं. हेच पाणी ल्युटशिनेतून काही तासांत सरोवरात पोचतं आणि फिरोजी होतं.

आणखी वर, ३४५४ मीटरवर, युंगफ्राऊयोख. १९१२पासून आयगर आणि म्योंखच्या पोटातून खोदलेल्या बोगद्याने रेल्वे तिथे जाते. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या युरोपच्या सहलींत हे ठिकाण हमखास असतं. तिथे बर्फात फोटो काढून झाले की एक गोष्ट मुद्दाम समजून घ्यावी. या खिंडीच्या उत्तरेला पडलेला बर्फ वितळून ब्रिएंत्स, आरे आणि ऱ्हाइन अशा वाटेने उत्तर समुद्राला मिळतो. दक्षिणेला पडलेला आलेच हिमनदीत शिरतो आणि ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्राला जातो. सह्याद्रीच्या धारेवर कोयना आणि सावित्रीचं पाणी जसं दोन वेगळ्या समुद्रांना जातं, तसंच हे.

बहुतेक सहली मात्र सरोवराला खिडकीतून पाहून पुढे जातात, याची मला खरंच हळहळ वाटते. ब्रिएंत्सवर १९१४ साली बांधलेली ल्योट्शबर्ग नावाची चाकाची आगबोट उन्हाळ्यात अजून चालते. तिच्या इंजिनाचे दांडे वर-खाली होताना डेकवरून दिसतात. गीसबाखच्या धक्क्यावर उतरलं की १८७९ सालची छोटी रेल्वे धबधब्याशेजारच्या हॉटेलापर्यंत नेते. सुरुवातीला तिला इंजिन नव्हतं. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली निघायचा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा वर खेचला जायचा. रूळ एकच, फक्त मध्यावर दोन्ही डब्यांना एकमेकांना टाळून जाता येईल अशी दुहेरी वाट. ती युक्ती इथून जगभर गेली.

पोहायचं किंवा कायाक घेऊन जायचं तर सकाळ बरी. पाणी जुलैतही अंग आखडवणारं असतं, आणि दुपारी वारा उठतो. काठावर नारिंगी दिवे लावलेले आहेत. ते मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर सावध व्हायचं, ९० वेळा लुकलुकले तर ताबडतोब काठ गाठायचा. हवेतून दोन्ही सरोवरं पाहायची असतील तर बेआटेनबेर्गच्या उतारावरून प्रशिक्षकासोबत पॅराग्लायडिंग करता येतं. उतरायचं इंटरलाकेनच्या मधोमध, होएमाटे या मोकळ्या कुरणावर. हे कुरण मोकळं राहिलं ते १८६४ मध्ये काही हॉटेलमालक आणि गावकऱ्यांनी मिळून विकत घेऊन त्यावर बांधकामाला कायमची बंदी घातली म्हणून. गावातून युंगफ्राऊ दिसत राहावी, एवढ्यासाठी. दीडशे वर्षांनंतरही तो शब्द पाळला जातो आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

टूनच्या सरोवराची कहाणी वेगळ्या कारणाने ऐकण्यासारखी आहे. कांडर नदी पूर्वी टून गावाच्या खाली आरेला मिळायची आणि पूर आणायची. १७११ ते १७१४ या काळात बर्नच्या सरकारने एक टेकडी फोडून तिला सरोवरात वळवलं. टेकडीतून खोदलेला बोगदा नदीने कुरतडून कोसळवला आणि त्याची घळ केली. सरोवराला आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पाणी येऊ लागलं, पण बाहेर जायची वाट तीच राहिली. मग पूर टून गावातच येऊ लागले. गावातले लाकडी पूल आणि त्यांच्याखालची पाणी अडवणारी दारं त्या चुकीच्या दुरुस्तीतून आली. तरीही १९९९ आणि २००५ मध्ये पाणी गावात शिरलं. अखेर जास्तीचं पाणी काढून देणारा भुयारी मार्ग २००९ मध्ये तयार झाला.

आज त्या दारांखाली फेसाळणाऱ्या लाटेवर टूनची तरुण मुलं फळ्या घेऊन सर्फिंग करतात. उन्हाळ्यात लोक गावाच्या खालच्या अंगाला रबरी होड्या सोडतात आणि दोन सरोवरांत गाळ टाकून हिरव्या काचेसारख्या झालेल्या आरेवरून बर्नपर्यंत वाहत जातात. पोहता येत असेल आणि सोबत माहीतगार असेल तरच हे करावं. लाइफ जॅकेट हवंच, आणि बर्नमध्ये पुढचा बांध येण्याआधी काठावरच्या लाल दांड्या धरून बाहेर पडावं लागतं.