मागणी, चिठ्ठी आणि दार : उपाहारगृहातील माहितीचा प्रवास

इंग्रजीत ‘हॉटेल’ हा शब्द मुख्यतः प्रवाशांच्या निवासगृहास लावला जातो. मराठीत मात्र तो प्रथम रुळला तो चहा-फराळाचे ठिकाण या अर्थाने. हा अर्थभेद या क्षेत्रातील संशोधनाचा विचार करताना अडचणीचा न ठरता सोयीचाच ठरतो. कारण निवासगृह असो वा उपाहारगृह, दोहोंपुढील मूळ प्रश्न एकच असतो : बाहेरच्या दालनात उच्चारलेली मागणी आतल्या योग्य माणसाकडे वेळेवर व बिनचूक कशी पोहोचावी ?

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात 1922 साली हॉवर्ड मीक यांच्या नेतृत्वाखाली हॉटेल-व्यवस्थापनाचे शिक्षण सुरू झाले आणि या व्यवसायास विद्यापीठीय अभ्यासात स्थान मिळाले. पुढे या अभ्यासाच्या शाखा पडत गेल्या. इमारतीची रचना हा एक विषय, नोकरवर्गाचे व्यवस्थापन हा दुसरा आणि माहितीप्रणाली हा तिसरा, अशी विभागणी आता सर्वपरिचित आहे. अध्यापनाच्या सोयीसाठी ती ठीक आहे. परंतु वस्तुतः हे तीन विषय एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या दोन अभ्यासांवरून हे स्पष्ट होते.

पहिला अभ्यास समाजशास्त्रज्ञ विल्यम फूट व्हाइट यांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात त्यांनी शिकागो येथील उपाहारगृहांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 1948 सालच्या त्यांच्या ग्रंथात व 1949 सालच्या एका निबंधात आले आहेत. गर्दीच्या वेळी काम करणाऱ्या काही वाढपी स्त्रियांना रडू कोसळते, हे त्यांच्या पाहणीत आढळले. ही स्वभावाची दुर्बलता मानून प्रश्न सोडून देणे सोपे होते. व्हाइट यांनी तसे केले नाही. कोण कोणास काम सांगतो आणि सांगणाऱ्याचा दर्जा ऐकणाऱ्याच्या तुलनेत काय असतो, याचा त्यांनी शोध घेतला. तत्कालीन व्यवस्थेत आचारी व फळीमागचे पुरुष कामगार वरच्या दर्जाचे समजले जात आणि वाढपी स्त्री खालच्या. तरीही ग्राहकाची मागणी तीच आत आणीत असल्यामुळे, कामास आरंभ करून देण्याचा अधिकार व्यवहारात तिच्याकडे जाई.

येथे एक भाषिक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्रजी ‘ऑर्डर’ या शब्दात मागणी व हुकूम असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत आणि मराठीनेही तो दोन्ही अर्थांनी स्वीकारला आहे. चहाची ऑर्डर दिली जाते, तशीच बदलीची ऑर्डरही निघते. ग्राहकाने मागणी म्हणून उच्चारलेले वाक्य वाढपी स्त्रीच्या तोंडून आचाऱ्याच्या कानी पडे, तेव्हा त्याला ते आज्ञेसारखे ऐकू येई. शब्द तेच राहत; वक्ता व श्रोता बदलल्यामुळे त्या वचनाचे स्वरूप पालटे. मग मुद्दाम विलंब, टोमणे, वादावादी हे सर्व ओघाने येई. बाहेर खोळंबलेला ग्राहक आणि आत रुष्ट झालेला आचारी, या दोहोंच्या कात्रीत ती स्त्री सापडे.

व्हाइट यांनी पाहिलेल्या एका ठिकाणी ही तेढ पुष्कळ कमी होती. तेथे वाढपी स्त्रिया मागणी चिठ्ठीवर लिहीत व ती एका उभ्या खिळ्यावर टोचून ठेवीत. खिळा ज्या कपाटावर असे ते बरेच उंच असल्यामुळे पलीकडच्या कामगाराशी समोरासमोर बोलण्याचा प्रसंग क्वचितच येई. तो चिठ्ठ्या आपल्या सोयीने उचली व पदार्थ तयार करून ठेवी. मागणी पोहोचे, परंतु हुकूम ऐकल्याची बोच उरत नसे. कपाटाची उंची ही रचनेची बाब, चिठ्ठी ही माहितीची आणि सलोखा ही व्यवस्थापनाची. येथे तिन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

इलायस पोर्टर यांनी 1962 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकात याच खिळ्याविषयी एक बोधकथा लिहिली. हा खिळा आचाऱ्याच्या वतीने मागण्या स्मरणात ठेवतो, गर्दीचा लोंढा थोपवून धरतो आणि मागण्यांची रांग लावतो, हे त्यांनी दाखविले. माहितीप्रणाली हा यंत्राचा गुण नसून कामाच्या मांडणीचा गुण आहे, हेच यातून सिद्ध होते.

दुसरा अभ्यास अर्व्हिंग गॉफमन यांचा. 1949 ते 1951 या काळात त्यांनी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर राहून क्षेत्राभ्यास केला. तेथील एका लहान हॉटेलातील स्वयंपाकघराच्या दाराचा वाद त्यांनी 1956 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदविला आहे. हातात ताटे घेऊन ये-जा करणाऱ्या मोलकरणींना ते दार उघडे हवे असे. पाहुण्यांची तयारी झाली की नाही हेही त्यांना त्यातून दिसे. चालकांना मात्र ते बंद हवे असे, कारण आतील साधी राहणी दिसल्यास पाहुण्यांपुढे राखलेल्या प्रतिष्ठेस बाध येई. म्हणजे एकच दार माहितीची वाट होते आणि माहितीचा अडसरही होते. ते किती उघडे असावे, हा केवळ सुतारकामाचा प्रश्न नव्हता.

मुंबईच्या इराणी उपाहारगृहांतही हाच प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला दिसे. वाढपी ग्राहकाचे देणे गल्ल्यावरील मालकास ओरडून सांगे. तेथे आवाज हेच माहितीचे साधन होते आणि गल्ला दाराजवळ असल्यामुळेच ते पुरेसे ठरे.

आज अनेक स्वयंपाकघरांत खिळ्याची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. चिठ्ठी हरवत नाही, अक्षर लागत नाही असे होत नाही, हा लाभ उघड आहे. परंतु पडदा जेव्हा मागण्यांचा क्रम ठरवून देतो व प्रत्येकीची मिनिटे मोजतो, तेव्हा चिठ्ठ्या आपल्या सोयीने उचलण्याची मोकळीक संपते आणि खिळ्याने दूर सारलेला हुकूम पुन्हा आत येतो. म्हणून नव्या प्रणालीची परीक्षा करताना तिचा वेग तपासणे पुरेसे नाही. तिच्यामुळे कोण कोणास आज्ञा करू लागतो, हेही तपासले पाहिजे. शिकागोतील त्या स्त्रियांच्या अश्रूंचे कारण वेगात नव्हते. ते या प्रश्नाच्या उत्तरात होते.