किक, काटा आणि कागद

जुनी बुलेट चालू करायला ताकद लागते, असा एक समज आहे. खरं तर लागतो तो सराव. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चावी फिरवायची आणि हेडलाइटवरच्या अँमीटरच्या काट्याकडे बघत किक सावकाश दाबत जायची. काटा उणेकडे झुकतो, पुन्हा मध्यावर येतो. किक जिथे अडते तिथे थांबायचं. डाव्या मुठीजवळची डिकंप्रेसरची लहानशी पट्टी ओढायची, किक जेमतेम इंचभर पुढे न्यायची, पट्टी सोडायची, किक वर येऊ द्यायची. मग एकच, पूर्ण आणि ठाम किक. जमलं तर पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडायला लागतं. घाई केली तर किक उलटी येते आणि नडगीला मिळालेला प्रसाद आठवडाभर पुरतो.

महाराष्ट्रात अशी कितीतरी घरं आहेत जिथे ही विद्या फक्त वडिलांना येते आणि गाडी जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी असते. मुलाला रोज ऑफिस गाठायचं असतं. कधीतरी जेवताना विषय निघतो, "बाबा, ही विकून नवी घेऊ या का?" उत्तरही ठरलेलं असतं, "विकायची काय गरज आहे? उभी तर आहे."

गोम त्या 'उभी'त आहे. जुनी गाडी चालवणं परवडतं, विकणंही परवडतं. नुसती उभी ठेवणं मात्र फार महागात पडतं, आणि ते कसं, हे बघितल्याशिवाय विकण्याचा प्रश्न नीट मांडताच येत नाही.

आधी दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करू. रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट भारतात बनू लागली. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, मद्रासची चालत राहिली. बिडाच्या सिलिंडरचं जे इंजिन गाडीवेडे 'कास्ट आयर्न' म्हणून ओळखतात, ते ३४६ सीसीचं. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. त्या लांब स्ट्रोकमुळेच तो संथ, जड ठोका येतो. ताकद साधारण १८ अश्वशक्ती. २०२१ मध्ये आलेली नवी क्लासिक ३४९ सीसीची, ताकद २०.२. एवढ्या वर्षांत वाढले किती, तर दोन घोडे.

म्हणजे पैसे वेगासाठी मोजायचे नसतात. फरक दुसरीकडे आहे. नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे सत्तरच्या वेगाला आरसा थरथरत नाही आणि नटबोल्ट वाटेत सांडत नाहीत. कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आहे. आणि सर्वांत मोठा फरक थांबण्यात आहे. जुन्या गाडीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक, त्यामुळे समोर रिक्षा आडवी आली की ब्रेक कमी आणि देवाचा धावा जास्त. नव्या क्लासिकच्या बहुतेक प्रकारांना पुढे ३०० आणि मागे २७० मिलिमीटरची डिस्क, आणि दोन्ही चाकांना एबीएस मिळतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्याच दुचाक्यांना एबीएस सक्तीचं आहे. पावसाळ्यात ज्याला सिंहगड रोडवरून रोज जायचं आहे, त्याने हा एक मुद्दा बाकी सगळ्यांच्या वर ठेवावा.

एक गोष्ट शोरूममधला विक्रेता सांगत नाही, आणि दोन्ही गाड्या ठेवू इच्छिणाऱ्यांनी ती आधी ऐकावी. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. गिअर एक वर, तीन खाली. नवीन गाडीत सगळं उलट. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी चालवणारा माणूस निवांत रस्त्यावर सहज जुळवून घेतो. कुत्रं अचानक मध्ये आलं की विचार करायला वेळ नसतो. पाय सवयीने पडतो, आणि ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो. दोन्ही गाड्या जरूर ठेवाव्यात, पण दोन्ही रोजच्या रहदारीत चालवू नयेत.

आता जुनीची बाजू. ती बिघडते, पण कशाने बिघडली ते दिसतं. पॉइंटवर काजळी धरली तर पॉलिश पेपर फिरवला की ठिणगी परत येते. टॅपेट बसवायला मीटर लागत नाही. इंजिन थंड असताना झाकण काढायचं आणि पुशरॉड दोन बोटांत धरायचा. तो गोल फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. संपलं काम. नव्या गाडीत सेन्सरचा दिवा लागला की तिला सर्व्हिस सेंटरलाच न्यावं लागतं.

सुट्या भागांची भीती मात्र थोडी वाढवून सांगितली जाते. पुण्याच्या नाना पेठेत एक दुपार घालवली तर बुलेटचं बरंचसं सामान मिळून जातं. कमी पडू लागले आहेत ते हात. पॉइंटचा गॅप डोळ्यांनी ओळखणारे मेकॅनिक साठीला आले, त्यांच्या हाताखालची पोरं इंजेक्शनच्या गाड्यांकडे वळली. तुमच्या गावात असा एक तरी मेकॅनिक आहे का, हे विकण्यापूर्वी बघायला हवं. नसेल तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

येझदी आणि आरएक्स १०० वाल्यांची गोष्ट जरा वेगळी. येझदी बनवणारा म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, आणि यामाहाची आरएक्स १०० सुद्धा १९८५ ते १९९६ एवढंच जगली. म्हणजे सर्वांत धाकटी आरएक्सही आता तिशीला टेकली. या टू-स्ट्रोक गाड्या पुन्हा होणार नाहीत. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये परत आलं खरं, पण नव्या येझदीत ३३४ सीसीचं पाण्याने गार होणारं फोर-स्ट्रोक इंजिन आहे. गाडी म्हणून ती वाईट नाही. पण जुन्या येझदी रोडकिंगचे दोन सायलेन्सर आणि ऑइलचा तो निळसर धूर तिच्यात शोधू नये.

जुन्या गाडीला अलीकडे एक नवं दुखणं जडलं आहे, ते पंपावरचं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि सील हळूहळू खराब करतं, आणि लोखंडी टाकीत पाणी साठलं की आतून गंज धरतो. इंजेक्शनची गाडी मिश्रण आपोआप जुळवते, कार्बोरेटरला ते कळत नाही. रोज फिरणाऱ्या गाडीला याचा त्रास थोडा होतो. खरी वाट लागते ती ताडपत्रीखालच्या गाडीची. चार महिने अर्धी टाकी तशीच राहिली की कार्बोरेटरची बारीक भोकं चिकट राळेने बुजतात. म्हणून जाणकार गाडी ठेवताना कॉक बंद करतात आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवतात. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाकून घेतात.

यापेक्षा मोठा खर्च मात्र कपाटात असतो. आर.सी. बुकात.

खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी आरटीओत गाडी दाखवायची, आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी १,००० रुपये झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या दुचाकींसाठी ती २,००० वर गेली. हे झेपतं. झेपत नाही तो उशीर. मुदत उलटून गेलेल्या दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा. तीन वर्षं 'बघू पुढच्या महिन्यात' म्हटलं की १०,८०० रुपये झाले, आणि गाडी जागची हललेलीही नसते.

त्यात गाडी वडिलांच्या नावावर, आणि वडील हयात नाहीत, ही तर घरोघरची अवस्था. कायद्याने वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. प्रत्यक्षात लोक दहा-दहा वर्षं थांबतात. मग भाऊबहिणींची संमती, मृत्यूचा दाखला, जुन्या हस्तलिखित आर.सी.ची संगणकात नोंद अशी शर्यत सुरू होते. १९८९ च्या आधीची, 'एम'ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी नंबरची गाडी असेल तर ही संगणकातली नोंद आहे की नाही, हे सर्वांत आधी तपासावं. गाडी विकायची असो वा ठेवायची, हे काम चुकत नाही. म्हणून ते पहिलं. कागद नीट झाले की अनेकांचा विकण्याचा विचारच मावळतो, कारण गाडी अंगणाबाहेर काढायची भीती हीच खरी अडचण असते.

२०२१ च्या व्हिंटेज नोंदणीचा मार्ग काही जण सुचवतात. ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते, १० वर्षांसाठी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला बाहेर काढता येते, भाजी आणायला नाही.

एवढं करूनही विकायचीच ठरली तर शोरूमच्या एक्स्चेंजला देणं हा सर्वांत वाईट सौदा. तिथे पस्तीस वर्षांची बुलेट म्हणजे जवळपास भंगार. तिची किंमत गाडीवेड्यालाच कळते, आणि तो क्रोमची झळाळी बघत नाही. तो वाकून चेसिस नंबर बघतो, इंजिन नंबर बघतो, दोन्ही आर.सी.शी ताडून पाहतो. विकण्याआधी हजारो रुपये घालून टाकी चकचकीत रंगवून घेणारे इथे फसतात. खरचटलेला कंपनीचा रंग एकदा घासला की परत येत नाही, आणि तोच बघायला माणूस आलेला असतो.

पैसे हातात आल्यावरही काम संपत नाही. कायदा विकणाऱ्यालाही १४ दिवसांत कळवायला सांगतो. 'तो करून घेईल नावावर' म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही देणाऱ्यांनी सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल लक्षात ठेवावा. गाडी अनेक हातांत गेली, पण अपघाताच्या भरपाईची जबाबदारी ज्याच्या नावावर नोंद त्याच्यावरच आली.

नवी घेणाऱ्यांसाठी सध्या वेळ बरी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरच्या गाड्यांवर ४० झाला. ३४९ सीसीची क्लासिक एका सीसीने वाचली. तरी सही करण्याआधी एक दिवस नवी गाडी भाड्याने घेऊन खंबाटकी घाट चढून यावं. १९५ किलोचं वजन शोरूमच्या फरशीवर कळत नाही.

आणि सौदा ठरला, की घेणारा येतो तेव्हा गाडी चालू करायला वडीलच लागतात. पोरगा जोशात तीनचार किका मारतो, घामाघूम होतो. वडील पुढे होत नाहीत. एवढंच म्हणतात, "अरे, काट्याकडे बघ ना." पोरगा वाकतो. किक सावकाश खाली जाते, काटा उणेकडून निघून मध्यावर येतो. "हां, तिथेच थांब," वडील म्हणतात, आणि डिकंप्रेसरची पट्टी कुठे आहे ते बोटाने दाखवतात.