पाण्याची खातेवही: 1972 पासूनचा मागोवा

1972 चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडीत आणि सुकडी खात काढला, ती पिढी आता वार्धक्यास पोहोचली आहे. तथापि दख्खनच्या कोरडवाहू शेतीचे पुढील अर्धशतक समजून घ्यावयाचे, तर त्या सालापाशीच परत जावे लागते. सरकारने दुष्काळी कामे काढली, लक्षावधी मजूर पाझर तलावांच्या बांधांवर आणि रस्त्यांवर राबले, आणि त्या अनुभवातूनच रोजगार हमीस 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले. हे कार्य थोर होते. त्याच्याच शेजारी दुसरी एक गोष्ट मात्र निमूटपणे घडत गेली.

आमच्या वडिलार्जित विहिरीवर आजोबांच्या काळी मोट चाले. विहीर सहा परस खोल; थारोळ्यात पाणी ओतले जाई, पाटाने ज्वारीस जाई, आणि दोन प्रहरी बैल दमले की उपसा थांबून रात्रीतून झरे पुन्हा विहीर भरीत. पुढे तेलाचे इंजिन आले, मग विजेचा पंप. त्याला दमणूक नव्हती. विहीर दोनदा खोल केली, आत आडवी बोअरे मारली, अखेरीस बांधावर उभे बोअर घेतले. प्रत्येक वेळी सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा चढला; परंतु भूमीच्या उदरातील ज्या ठेवीतून आम्ही उचल करीत होतो, तिच्यासाठी कोणत्याही दप्तरात रकानाच नव्हता.

यात शेतकऱ्यास दोष देणे मला अन्यायाचे वाटते. उसाला कारखाना हे हक्काचे गिऱ्हाईक आणि कायद्याने ठरलेला किमान दर. ज्वारीचा आधारभाव जाहीर होतो, पण बाजार समितीच्या आवारात त्या भावाने माप घेणारा क्वचितच भेटतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, तो पाणी मिळताच ऊसच लावणार.

याला पर्याय कोणी दाखविलाच नाही, असे मात्र नाही. त्याच दुष्काळाने अस्वस्थ झालेले पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे देवस्थानच्या पडीक माळावर पाणलोटाचे काम उभे केले आणि त्यातून पाणी पंचायत जन्मास आली. पाणी जमिनीच्या मानाने न देता माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबास कमाल अडीच एकरांपुरते द्यावयाचे. भूमिहीनासही त्यात वाटा. आणि ऊस वर्ज्य. हिवरे बाजारने पुढे वर्षाचा पाऊस मोजून पिके ठरविण्याची शिस्त घालून घेतली आणि शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली. एवढी स्पष्ट उदाहरणे डोळ्यांसमोर असता, माणशी पाण्याचे हे तत्त्व राज्याच्या सिंचनव्यवस्थेने आपले मानले नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पहिली आगगाडी 5 लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा त्या जिल्ह्याची ओळख साखर कारखान्यांचा जिल्हा अशीच होती.

कर्जमाफी 2008 मध्ये झाली, 2017 मध्ये झाली, 2019 मध्येही झाली. तिने सातबारा कोरा होतो, विहीर भरत नाही. म्हणून ज्यांची शेती आहे त्या वाचकांस माझी विनंती आहे, की पाऊस सरताच, रब्बीचे बियाणे आणण्यापूर्वी, दोरीला दगड बांधून आपल्या विहिरीचे पाणी मोजावे आणि तो आकडा ग्रामसभेत सर्वांसमक्ष लिहून घ्यावयास लावावा.